जमिनीत गेलेल्या दोन पायऱ्या: एका जुन्या घराच्या खरेदीपूर्व तपासणीचे प्रकरण

उपनगरातले सुमारे ४५ वर्षे जुने, तळमजल्याचे एक साधे घर घ्यावे की नाही, हा प्रश्न घेऊन एक दांपत्य माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे मन जवळजवळ नकाराकडे झुकलेले होते. घर त्यांना आवडले होते. खोल्या लहान पण उजेडाच्या होत्या, वृद्ध आईला जिना चढावा लागणार नव्हता आणि तीन वर्षांच्या मुलीला खेळायला पुढे-मागे थोडे अंगण होते. परंतु मागच्या खोलीत छतापासून खाली उतरलेली एक ठळक भेग पाहून दोघेही धास्तावले होते आणि घराचा पायाच खचला असावा, असे त्यांनी गृहीत धरले होते. पुढच्या खोलीबद्दल मात्र त्यांना काहीच शंका नव्हती, कारण ती नुकतीच रंगवलेली होती. तपासणी पूर्ण झाली तेव्हा भेग दुय्यम ठरली होती आणि घराच्या किमतीचा व भवितव्याचा खरा प्रश्न त्या रंगवलेल्या खोलीच्या बाहेर, फाटकाजवळच्या जमिनीत सापडला होता.

अशा तपासणीत दोषांची नुसती यादी करून भागत नाही. जुन्या घराची यादी नेहमीच लांब निघते आणि तिच्या लांबीवरून कुणी घाबरून चांगले घर सोडतो, तर कुणी ‘जुन्या घरात एवढे चालायचेच’ म्हणून वाईट घर घेतो. प्रत्येक दोषाला तीन प्रश्न विचारावे लागतात: याचे कारण काय, ते कारण आजही चालू आहे का, आणि ते दूर करणे घरमालकाच्या एकट्याच्या हातात आहे का. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असूनही तो सर्वांत कमी विचारला जातो. घरातले दोष पैसे खर्चून दूर करता येतात. घराच्या बाहेर उगम असलेले दोष तसे जात नाहीत.

मूळ घर वीटकामाच्या भारवाही भिंतींचे, वर लाकडी वाशांवर कौले. मागची खोली नंतर वाढवलेली, सपाट काँक्रीट स्लॅबची. भेग नेमकी या दोन बांधकामांच्या सांध्यावर होती. ती छताजवळ सुमारे ४ मिलिमीटर रुंद होती आणि खाली येता येता केसाएवढी होऊन जमिनीपासून गुडघाभर उंचीवर नाहीशी होत होती. वर रुंद आणि खाली निमुळती भेग सहसा असे सांगते की, एक भाग दुसऱ्यापासून दूर कलला आहे. वाढीव खोलीचा पाया मूळ घराच्या पायापेक्षा उथळ ठेवला आणि दोन्ही भिंती नीट गुंफल्या नाहीत, की नवा भाग आपल्या गतीने बसतो आणि सांधा उघडतो. बाहेरून छोटा खड्डा घेऊन पाहिले तेव्हा नव्या भिंतीचा पाया जुन्यापेक्षा बराच वर संपत असल्याचे दिसले.

मात्र भेग कशाने पडली याइतकेच ती अजून हलते आहे का, हेही पाहावे लागते. बॅटरीच्या तिरप्या उजेडात भेगेच्या कडा पाहिल्या. आत धूळ आणि कोळिष्टके होती, कडा बोथट झाल्या होत्या आणि भेगेच्या पोटात रंगाचे निदान तीन वेगवेगळे थर उतरलेले होते. याचा अर्थ, खोली पूर्वी तीनदा रंगवली तेव्हाही ही भेग तिथे होती. सर्वांत वरचा रंग भेगेवर कुठेही फाटलेला नव्हता. ताज्या भेगेच्या कडा धारदार आणि आतून स्वच्छ असतात. लगतचा दरवाजा चौकटीत न घासता बंद होत होता आणि ओळंबा सोडून पाहिल्यावर भिंतीचा कल नगण्य निघाला. खात्रीसाठी भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणेचे खिळे ठोकून त्यांच्यातले अंतर काही आठवड्यांनी पुन्हा मोजले. फरक पडला नव्हता. खरे म्हणजे अशी मोजणी एक पावसाळा आणि एक कोरडा हंगाम, दोन्ही धरून व्हायला हवी. खरेदीदाराला तेवढी सवड क्वचितच मिळते, म्हणूनच रंगाच्या थरांसारखा जुना पुरावा मोलाचा ठरतो. भेग जुनी आणि स्थिरावलेली आहे, असा निष्कर्ष मी लिहून दिला.

वाढीव खोलीचा खरा आजार छतात होता. स्लॅबच्या खालच्या अंगाला दोन ठिकाणी काँक्रीटचे पोपडे सुटून सळया उघड्या पडल्या होत्या. इतर ठिकाणी लाकडी मुठीने ठोकल्यावर बद्द आवाज येत होता, म्हणजे तिथेही आवरण सुटू लागले होते. चांगल्या काँक्रीटमधला अल्कधर्मी गुण, म्हणजे १२ ते १३ च्या आसपासचा सामू, सळईला गंजापासून जपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला, की हा सामू ९ च्या खाली उतरतो आणि सळईचे संरक्षण संपते. मग ओल मिळताच लोखंड गंजते आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागत असल्याने काँक्रीट आतून फुटते. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले. काँक्रीट निरोगी असते तर तिथे गडद गुलाबी रंग चढला असता. येथे सळयांच्या पलीकडेपर्यंत तो मुळीच चढला नाही. सळयांवरचे आवरणही जेमतेम १० मिलिमीटरचे होते. अशा स्लॅबला वरवरचा गिलावा करून देणे म्हणजे दुखणे झाकणे आहे. शिवाय, विक्रेत्याने दाखवलेल्या मंजूर नकाशात ही खोली नव्हतीच. म्हणून मी खरेदीदारांना स्पष्ट सांगितले की, या खोलीचे क्षेत्रफळ किमतीच्या हिशेबात शून्य धरावे आणि स्लॅब उतरवून तिथे हलके छप्पर घालण्याचा खर्च, तसेच ती खोली नियमित करून घेता येईल की पाडावी लागेल याची चौकशी, हे दोन्ही सौद्यापूर्वीच मांडावे.

आता पुढची खोली. दर्शनी भिंतीचा फक्त खालचा अर्धा भाग नव्याने रंगवलेला होता आणि तिच्या मध्यभागी, खिडकीचा काही भाग अडवून, एक जड कपाट ठेवले होते. खिडकी अडवणारे कपाट पाहिले की ते हलवून पाहण्याची परवानगी मागावी. विक्रेता सरळ असेल तर तो हरकत घेत नाही. या घराच्या मालकीणबाईंनी स्वतः हात लावला. कपाटामागे रंग पोचला नव्हता. जमिनीपासून सुमारे ७० सेंटिमीटर उंचीपर्यंत गिलावा फुगलेला होता आणि त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला पांढऱ्या क्षारांची एक जवळजवळ आडवी रेघ उमटलेली होती. बोटाने पुसल्यावर क्षार पिठासारखे हाताला लागले.

भिंतीतली ओल तीन वाटांनी येते: वरून गळून, हवेतली वाफ थंड भिंतीवर जमून, किंवा जमिनीतून वीटकामाच्या सूक्ष्म छिद्रांमधून वर चढून. ओलमापकाचा आकडा येथे उपयोगी पडत नाही, कारण क्षार वीज वाहून नेतात आणि कोरडी पण क्षारयुक्त भिंतही यंत्रावर ओली दिसते. म्हणून साधी कसोटी घेतली. प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवला आणि दोन दिवसांनी पाहिला. दव खोलीच्या बाजूला जमले असते तर दोष हवेतल्या वाफेचा ठरला असता. ते प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे जमले होते. आडवी रेघ, वरचा भाग कोरडा आणि कमाल उंची मीटरभराच्या आत, ही सारी लक्षणे जमिनीतून चढणाऱ्या ओलीची होती.

परंतु या घराच्या जोत्यात ओलरोधक थर, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत वर चढू न देणारा आडवा थर, होता. बाजूच्या भिंतीत तो स्पष्ट दिसत होता आणि त्या भिंती कोरड्या होत्या. मग केवळ पुढचीच भिंत ओली का? उत्तर पायऱ्यांनी दिले. ओसरीला अंगणातून चढायला १० सेंटिमीटरची एकच बुटकी पायरी होती, आणि ओसरीच्या कठड्याची नक्षी मात्र अंगणाच्या काँक्रीटमध्ये अर्धवट बुडालेली होती. नक्षी कुणी जमिनीखाली कोरत नाही. कडेचे काँक्रीट थोडे उकरल्यावर खाली आणखी दोन पायऱ्या निघाल्या. मूळ घराला तीन पायऱ्या होत्या आणि ओसरी अंगणापासून ४५ सेंटिमीटर उंच होती. समोरचा रस्ता दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता नव्याने डांबरीकरण करून वर वर येत गेला. रस्त्याचे पाणी आत येऊ लागले म्हणून मालकांनी अंगणात भराव घातला आणि वर काँक्रीट केले. त्या भरावाने ओलरोधक थर गाडला गेला आणि जमिनीतले पाणी त्याला वळसा घालून थेट वरच्या विटांत शिरले. जो उपाय म्हणून केला, त्यानेच भिंत ओली झाली. आणि रस्ता तर आजही अंगणापेक्षा वरच आहे.

म्हणजे या दोषाचे कारण घराबाहेर होते, ते चालू होते, आणि रस्ता खाली नेणे खरेदीदारांच्या हातात नव्हते. येथे मीही नकाराचाच सल्ला देण्याच्या बेतात होतो. पण पाण्याला दुसरीकडे जाण्याची वाट आहे का, हे मोजल्याशिवाय तसे म्हणणे योग्य नव्हते.

पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन सर्व पातळ्या काढल्या. घराची फरशी शून्य धरली. ओलरोधक थर १५ सेंटिमीटर खाली, अंगणाचे काँक्रीट १० सेंटिमीटर खाली, रस्ता फाटकाशी फक्त ५ सेंटिमीटर खाली. घरामागच्या गल्लीतल्या सार्वजनिक पावसाळी गटाराचा तळ मात्र तब्बल ९५ सेंटिमीटर खाली निघाला. ओलरोधक थर भोवतालच्या जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. त्यासाठी भिंतीलगतचे अंगण फरशीखाली ३५ सेंटिमीटरपर्यंत उतरवायचे आणि पाणी गोळा करणाऱ्या चराचा तळ ४५ वर ठेवायचा. तिथून घराच्या बाजूच्या बोळातून मागच्या गटारापर्यंत १६ मीटर अंतर होते. दर १०० ला १ असा उतार दिला तर नळ १६ सेंटिमीटर उतरून ६१ वर गटाराला मिळतो. तळ ९५ वर असल्याने कागदावर उतार भरपूर होता. परंतु भर पावसात गटार किती भरते, हाही प्रश्न होता. गटाराच्या भिंतीवर गाळाची आणि शेवाळाची कमाल रेघ शोधली. ती ७० वर होती. म्हणजे नळाच्या तोंडापेक्षा फक्त ९ सेंटिमीटर खाली. जागा थोडी होती, पण होती, आणि पाणी उलटे येऊ नये म्हणून तोंडाशी झडप बसवणे आवश्यक ठरले. रस्त्याचे पाणी अंगणात घसरू नये यासाठी फाटकाशी उंचवटा आणि कुंपणाखाली बुटकी सलग भिंत, हेही आराखड्यात आले.

एवढे गणित जमले म्हणून घर घेण्याजोगे ठरले. मागची गल्लीही पुढच्या रस्त्याइतकीच उंच असती, तर हेच घर, याच रंगरूपाचे, मी कितीही स्वस्तात घेऊ दिले नसते. बाजूचा बोळ कुणाच्या हद्दीत येतो, हे त्यामुळे निर्णायक झाले. नकाशात ९० सेंटिमीटर रुंदीची पट्टी दाखवलेली होती, प्रत्यक्षात शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत ७० भरली. नळाला तेवढी पुरेशी होती, पण हद्दीची अधिकृत मोजणी झाल्याशिवाय आणि गटारात पाणी सोडण्याची लेखी परवानगी आल्याशिवाय विसार देऊ नये, असे मी सुचवले.

इतर बाबी थोडक्यात सांगता येतील, कारण त्या खर्चाच्या होत्या, घर घ्यावे की नाही हे ठरवणाऱ्या नव्हत्या. छपराच्या पोटमाळ्यात पन्हळीजवळच्या दोन वाशांची टोके पेचकसाने टोचल्यावर मऊ लागली. पन्हळ तुंबून पाणी मागे सरकत होते. लाकडातली ओल सुमारे २० टक्क्यांखाली राहिली तर ते कुजत नाही, म्हणून टोके बदलणे आणि पन्हळ दुरुस्त करणे पुरेसे होते. पाण्याचे नळ जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, आतून गंजून अरुंद झालेले. न्हाणीघरातला नळ चालू असताना स्वयंपाकघरातली धार निम्म्यावर येत होती. सर्व नळकाम बदलावे लागणार होते. विजेच्या बऱ्याच प्लगांना अर्थिंगच नव्हते आणि वीजमंडलात जुने तारेचे फ्यूज होते. सगळे वायरिंग नवीन करून ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे गळती संरक्षक बसवण्याची शिफारस केली, आणि लहान मूल घरात राहायला येण्यापूर्वी हे काम झालेच पाहिजे, असेही लिहिले. खिडक्यांच्या जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता होती. असा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते, त्यामुळे तपासणी होईपर्यंत त्याला पॉलिश पेपर लावू नये. परसातल्या शेडवर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे होते. ते अखंड असेपर्यंत धोका कमी असतो, परंतु कापताना, भोक पाडताना किंवा फोडताना तंतू हवेत मिसळतात, म्हणून ते काढायचे झाल्यास जाणकारांकडूनच काढावेत.

परिसर पाहताना लोक शाळा, दुकाने आणि थांबा यांची अंतरे मोजून थांबतात. ती पाहावीतच, पण ती नकाशावरही दिसतात. जे नकाशावर दिसत नाही, त्यासाठी वेगवेगळ्या वेळी पायी फिरावे लागते. या दांपत्याला मी सकाळची शाळेची वेळ, रात्री दहानंतर, सुट्टीचा दिवस आणि शक्य तर जोराचा पाऊस पडत असताना, अशा चार वेळा गल्लीत जाऊन यायला सांगितले. रात्रीच्या फेरीत त्यांना समजले की, दोन घरे सोडून असलेल्या कार्यशाळेचा हवा भरण्याचा पंप उशिरापर्यंत चालतो. ध्वनी १० डेसिबलने वाढला, की माणसाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. उघड्या आणि बंद खिडकीतला फरक त्यांनी स्वतः उभे राहून ऐकला आणि झोपण्याची खोली मागच्या अंगाला असल्याने तो आपल्याला चालेल, असे ठरवले. असा निर्णय सल्लागाराने घेऊ नये. ज्यांना तिथे झोपायचे आहे त्यांनीच घ्यावा.

पावसातल्या फेरीचा लाभ सर्वांत मोठा झाला. रस्त्यावर घोट्याएवढे पाणी साचत होते, मात्र पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात ओसरत होते. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी उंबऱ्याबाहेर विटांचा बांध घातलेला त्यांना दिसला. असे बांध, भिंतींवरच्या सारख्या उंचीच्या गढूळ रेघा, जमिनीपासून उंच बसवलेले विजेचे मीटर, या गोष्टी परिसराचा इतिहास विक्रेत्यापेक्षा प्रामाणिकपणे सांगतात. समोरच्या घरातल्या वृद्ध काकांनी आपण होऊन सांगितले की, कोपऱ्यावरचा मोकळा भूखंड बांधकामाखाली गेल्यापासून पाणी वाढले आहे. त्यावरून दुसरा प्रश्न निघाला: अजून कोणते भूखंड मोकळे आहेत आणि विकास आराखड्यात त्यांच्यावर काय दाखवले आहे? चौकशीत शेजारचा एक भूखंड उद्यानासाठी राखीव आढळला, आणि रस्तारुंदीची आखणी अंगणाच्या पुढच्या एक मीटरवरून जाताना दिसली. घराला धक्का नव्हता, पण नवे कुंपण कुठे बांधायचे आणि चर कुठे काढायचा, हे त्यामुळे बदलले.

घरे किती देखणी आहेत यापेक्षा लोक ती कशी राखतात, याकडे मी जास्त लक्ष देतो. या गल्लीत रंग विटलेले होते, परंतु बहुतेक पन्हळी साफ होत्या, कौले जागेवर होती आणि एका घराच्या छपराचे काम चालू होते. जिथे माणसे वर चढून न दिसणारी दुरुस्ती करतात, तिथे त्यांना पुढेही राहायचे असते.

अहवालानंतर दांपत्याने विक्रेत्यांशी मोकळेपणाने बोलणी केली. वाढीव खोलीचे मूल्य वगळण्यात आले, चर, वायरिंग आणि नळकाम यांचा खर्च किमतीतून निम्मा-निम्मा वाटून घेतला गेला, आणि हद्दमोजणी, बोजा नसल्याचा दाखला व गटाराची परवानगी या तिन्ही अटी करारात लिहिल्या गेल्या. परवानगीला अपेक्षेपेक्षा उशीर झाला, तरी त्यांनी घाई केली नाही. ताबा मिळाल्यावर पहिले काम अंगण उतरवण्याचे झाले आणि गाडलेल्या दोन्ही पायऱ्या पुन्हा वापरात आल्या. आईंसाठी त्यांच्या कडेला हातात धरायला लोखंडी नळी बसवली.

पुढच्या भिंतीचा क्षारांनी भरलेला गिलावा खरवडून काढला, पण नवा लगेच केला नाही. ओली भिंत ढोबळमानाने महिन्याला २५ मिलिमीटर जाडी एवढ्या सावकाशीने सुकते. २३० मिलिमीटरच्या भिंतीला त्या हिशेबाने नऊ-दहा महिने लागतात आणि त्याआधी सिमेंटचा दाट गिलावा चढवला तर ओल आत कोंडली जाते. म्हणून दर्शनी खोली बराच काळ उघड्या विटांची राहिली. पुढे तिला चुन्याचा, श्वास घेणारा गिलावा केला. पहिल्या पावसाळ्यात चर वाहता राहिला आणि झडपेतून पाणी उलटे आले नाही.

एक बाब मात्र अजून खुली आहे. मागच्या भिंतीपासून चार मीटरवर, शेजाऱ्यांच्या हद्दीत, एक मोठे झाड आहे आणि तिथली माती चिकण आहे. अशी माती मुळांनी पाणी ओढले की आकसते, आणि मोठे झाड अचानक तोडले की पाणी धरून फुगते. पायाला दोन्ही घातक ठरू शकतात. त्यामुळे झाड तोडायला सांगू नये, शेजाऱ्यांच्या संमतीने त्याचा विस्तार टप्प्याटप्प्याने आवरावा आणि भेगेजवळचे ते दोन खिळे काढू नयेत, असे मी सुचवले आहे. दर हंगामाच्या शेवटी त्यांच्यातले अंतर मोजून कपाटाच्या आतल्या दारावर तारखेसह लिहून ठेवण्याचे काम त्या घरातल्या आईंनी स्वतःकडे घेतले आहे.